करवंदांची बरणी

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाविषयी लिहावयास बसले की लेखणी आपोआप 1956 सालाकडे वळते. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून निघून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याच जिल्ह्याचा चंदगड तालुका मात्र मागे राहून कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. तेव्हापासून या मुलखाविषयी जे लिहिले गेले ते बहुधा नकाशा पुढ्यात घेऊन. आज आम्ही पुढ्यात एक पातेले घेणार आहोत. वैशाख सरता सरता या भागातील कित्येक घरांत करवंदांचा थोडासा जॅम केला जातो. त्यास फळ लागते, साखर लागते आणि दोन-अडीच तासांची सवड लागते. यांपैकी फळ व साखर कोठून येतात हे एकदा डोळ्यांनी पाहावे, या हेतूने गेल्या मे महिन्यात आम्ही निपाणीहून निघालो आणि संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली असा वळसा घेऊन बेळगावास पोहोचलो.

निपाणी हे तंबाखूचे गाव. येथील हवेलाही त्याचा उग्र वास असतो असे बाहेरचे पाहुणे म्हणतात. आम्हांस तो जाणवत नाही. पिकाचा भाव म्हणजे काय, हे या गावाने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले आहे. 1981 साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू-उत्पादकांनी येथील पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस रोखून धरला होता. त्या आंदोलनाची अखेर पोलिसांच्या गोळीबारात झाली आणि शेतकरी प्राणांस मुकले. त्याच महामार्गाने गाव मागे टाकून आपण तवंदीचा घाट चढतो. घाट ओलांडून पुढे गेले की तासाभराच्या आत संकेश्वर येते.

संकेश्वर महाराष्ट्रात दोन गोष्टींमुळे ठाऊक आहे : एक शंकराचार्यांचा मठ, दुसरी तिखटजाळ संकेश्वरी मिरची. आम्ही मात्र तिसऱ्या गोष्टीसाठी थांबलो. येथील सहकारी साखर कारखान्याचे नाव हिरण्यकेशी. ज्या नदीच्या पाण्यावर या भागातील ऊस उभा राहतो, तिचेच नाव त्याने घेतले आहे. मे महिन्यात गाळप नसते, धुराडे थंड असते. तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंस हिरवा ऊस पसरलेला दिसतो. बाजारात आम्ही साखर घेतली, एकच किलो. दुकानदाराने हिशोब कानडीत केला आणि सुटे पैसे मराठीत मोजून दिले. या भागात यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

येथून आम्ही महामार्ग सोडून नदीच्या उगमाच्या दिशेने वळलो. संकेश्वर कर्नाटकात, पुढचे गडहिंग्लज महाराष्ट्रात. मध्ये जेमतेम पंधरा किलोमीटरांचे अंतर. गडहिंग्लज मागे पडले की काळी जमीन हळूहळू तांबूस होत जाते, उसाच्या जागी भाताची खाचरे दिसू लागतात. आजऱ्याला घनसाळ तांदळाचा सुगंधी लौकिक. त्यापुढे झाडी दाटते, आणि आंबोलीत शिरताच हवा बदलते. सह्याद्रीच्या माथ्यावरचे हे गाव वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झेलते. येथेच, महादेवाचे स्थान असलेल्या एका गुहेतून, हिरण्यकेशीचा झरा बाहेर पडतो. मे महिन्यात तो एवढा बारीक असतो की ओंजळीने अडवता येईल. हेच पाणी पूर्वेस वाहत जाऊन संकेश्वरच्या शिवारास पोहोचते, पुढे घटप्रभेस मिळते आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला जाते. उगमाशी करवंदीच्या जाळ्या आणि खाली साखर. आमच्या बरणीतील दोन्ही जिन्नस एकाच नदीचे आहेत, हे त्या झऱ्याकाठी उभे राहिल्यावर प्रथमच ध्यानी आले.

करवंदाची ओळख मराठी वाचकांस करून देण्याचे कारण नाही. डोंगरची काळी मैना म्हणून ते शहरात विकले जाते. कानडीत त्यास कवळी हण्णू म्हणतात. फळ फोडून आतून लाल निघाले तर कोंबडा आणि पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ आपण सर्वांनीच खेळलेला आहे. ज्येष्ठातील वटपौर्णिमेच्या वाणात करवंद लागते, आणि तेवढ्यासाठी शहरातल्या घरांतूनही त्याची आठवण निघते. परंतु ही काळी मैना परडीत येते कशी, हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. करवंदीच्या जाळीला जोडीजोडीने काटे असतात, तेही कडक. देठ तुटताच पांढरा चीक निघतो आणि तो बोटांवर काळा पडून आठवडाभर सुटत नाही. ऊन चढण्यापूर्वी तोडणी आटोपावी लागते, नाहीतर फळ परडीतच मऊ पडते.

आंबोलीपासून बेळगावकडे निघालेल्या रस्त्याच्या कडेला एक बाई पानांच्या द्रोणांत करवंदे मांडून बसली होती. वरच्या धनगरवाड्यावरून ती पहाटेच उतरून आली होती. हातांवर जुन्या-नव्या ओरखड्यांची जाळी होती. पिकल्या फळांबरोबर थोडी गुलाबी, अर्धकच्ची करवंदेही हवी आहेत असे सांगताच ती हसली.

"कच्ची कशाला वो घेताय, आक्का? लोणचं घालणार व्हय?"

जॅमसाठी म्हटल्यावर तिने मान हलवली आणि वेगळ्या परडीतून वाटाभर निवडून दिली. "सकाळची हाईत. सांजपातूर ऱ्हाणार न्हाईत," तिने बजावले. सकाळी जो द्रोण एका भावाने जातो तो दुपारनंतर निम्म्याने द्यावा लागतो, आणि उरलेला माल घरी नेऊन उपयोग नसतो, हेही तिनेच सांगितले. जाळ्या पूर्वीएवढ्या जवळ राहिल्या नाहीत; वाड्यामागच्या उतारावरची झुडपे तोडून तेथे काजू लागले, आता दोन डोंगर पलीकडे जावे लागते. यात तिची तक्रार नव्हती. पावसाविषयी बोलावे तशी ती बोलत होती.

तेथून चंदगड तालुक्यातून आम्ही पूर्वेस उतरलो. शिनोळीपर्यंत महाराष्ट्र, पुढे बाचीपासून कर्नाटक, आणि हिंडलगा ओलांडले की बेळगाव. 2014 पासून सरकारी कागदोपत्री त्याचे नाव बेळगावी. आमच्या मावशींचे घर शहापुरात आहे. हे उपनगर संस्थानी काळात सांगलीकडे होते, म्हणजे बेळगावच्या पोटातच एकेकाळी सरहद्द होती. मावशींचे वय ऐंशीच्या पुढे. जॅम त्या गेली पन्नास वर्षे करीत आल्या आहेत, आणि त्यांचा एक नियम कधी मोडला गेलेला नाही : एका वेळी एक किलोपेक्षा अधिक फळ पातेल्यात पडता कामा नये.

हा नियम काटकसरीचा नसून शास्त्राचा आहे. फळांत पेक्टिन नावाचा चिकट अंश असतो. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने 1825 साली त्याचा शोध लावून त्यास हे नाव दिले. पेक्टिन, आंबटपणा आणि साखर ही तिन्ही योग्य प्रमाणात जुळली की शिजलेला गर थंड होताना थिजतो. फळ पूर्ण पिकले की पेक्टिन कमी होते, कच्च्यात ते भरपूर असते. म्हणूनच किलोभर करवंदांत पावभर अर्धकच्ची हवीत. आता मोठे पातेले भरले तर पाणी आटण्यास फार वेळ लागतो. तेवढ्या उकळीत पेक्टिनचे बळ जाते, वास उडतो, आणि करवंदाचा तो सुरेख किरमिजी रंग विटकरी होतो. थोडके असेल तर वीस मिनिटांत काम होते.

मावशींची रीत अशी. करवंदे किंचित मिठाच्या पाण्यात घालून धुवावीत, म्हणजे चीक सुटतो. देठ काढून, वाटीभर पाणी घालून, झाकण ठेवून पंधरा मिनिटे शिजवावीत. मग पळीच्या पाठीने चाळणीवर घोटून बिया व साली वेगळ्या काढाव्यात. किलोभर फळांतून सहाशे ग्रॅमच्या आसपास गर हाती येतो. तो तोलून घ्यावा आणि तेवढीच साखर घ्यावी. करवंद मुळात आंबट, तेव्हा लिंबाची गरज नाही. पातेले रुंद तोंडाचे, जाड बुडाचे आणि स्टीलचे असावे. आंबट रस ॲल्युमिनियमला किंवा बिनकल्हईच्या पितळेला खातो. साखर विरघळेपर्यंत आच मंद, त्यानंतर मोठी. या वेळी हात थांबता कामा नये.

झाले हे ओळखावे कसे? येथे पुस्तकावर विसंबून चालत नाही. बहुतेक पुस्तकांत 105 अंश सेल्सियस हा आकडा दिलेला असतो. तो समुद्रसपाटीचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच. येथे पाणीच 97.5 अंशांच्या सुमारास उकळते, आणि जॅम 102.5 अंशांवर तयार होतो. 105 ची वाट पाहत बसल्यास पातेल्यात जॅमऐवजी चिक्की मिळेल. मावशींकडे तापमापक नाही. त्या एक बशी आधी फ्रीजमध्ये ठेवतात, तीवर थेंब टाकतात आणि मिनिटभराने बोटाने सारतात. थेंबावर सुरकुती पडली की गॅस बंद. ही बशी मुंबईत, बेळगावात वा महाबळेश्वरी कोठेही खोटे बोलत नाही. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या बरण्यांत जॅम गरम असतानाच भरावा. साखरेचा अंश शेकडा 65 च्या वर गेला की त्यातील पाणी बुरशीच्या वाट्याला येत नाही. टिकण्याचे सारे रहस्य एवढेच.

"हा आपला मुरंबाच हो," मावशी म्हणाल्या. "तुम्ही लोक जॅम म्हणता." त्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. पाकात फळ टिकवण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. मुरंबा हा शब्दही अरबी मुरब्ब्यावरून आला, तो कोणत्याही छावणीच्या आधी. पावाबरोबर जॅम हे नाव आले, आणि 1818 साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्यानंतर ज्या गावात लष्करी छावणी वसली, तेथे ते रुळले यात आश्चर्य नाही. या खेपेस ढवळण्याचे काम मात्र त्यांनी आमच्याकडे दिले. त्यांचा हात आता थरथरतो. त्या शेजारी स्टुलावर बसून केवळ बुडबुड्यांचा आवाज ऐकत होत्या, आणि "आता बशी काढा" असे त्यांनी पातेल्यात न पाहताच सांगितले.

सहाशे ग्रॅम गर व सहाशे ग्रॅम साखर यांतून अर्ध्या किलोच्या दोन बरण्या झाल्या, दुसरी गळ्यापर्यंत. त्या पुसता पुसता मनात एक हिशोब सुरू झाला. या बरणीतील साखरेला रखवालदार पुष्कळ आहेत. उसासाठी कारखाना आहे, सभासद आहेत, आणि 2009 पासून केंद्र सरकार दरवर्षी रास्त व किफायतशीर दर जाहीर करते; तो मिळाला नाही तर रस्ते अडतात. दुसरे उदाहरण पाचगणी-महाबळेश्वरचे. स्ट्रॉबेरी तर आपल्या मातीतली नव्हे. पण 1959 साली किशोर व्होरा यांनी पाचगणीस जॅम करण्यास आरंभ केला, त्यातून मॅप्रो उभी राहिली, आणि 2010 साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या करवंदास असे काही नाही. ते कोणी लावत नाही, म्हणून त्याचा कोणी धनी नाही. धनी नाही, म्हणून जाळी तोडताना कोणी हरकत घेत नाही. वास्तविक उतारावरची माती हीच जाळी धरून ठेवते, आणि गुरांच्या तोंडून वाचलेले झाडाचे रोप बहुधा तिच्याच काट्यांत वाढलेले असते. तो डोंगर उघडा पडला तर खालच्या नदीचे काय होईल, हे उसाच्या सभासदांनीही एकदा विचारून पाहावे.

यावर मोठा उपाय सांगण्याचा अधिकार आमचा नाही. एक लहान गोष्ट मात्र वाचक भगिनींस व बंधूंस सुचवाविशी वाटते. करवंद संध्याकाळपर्यंत टिकत नाही म्हणून त्याचा भाव दुपारी पडतो. जे फळ वर्षभर टिकवता येते हे गिऱ्हाइकास ठाऊक आहे, ते दुपारीही सकाळच्या भावाने घ्यावयास हरकत नसावी. येत्या वैशाखात आंबोली, चंदगड वा खानापूरच्या वाटेने जाणे झाले तर द्रोणाऐवजी किलो मागावा, पावभर अर्धकच्ची मागून घ्यावीत, आणि घासाघीस करू नये. रोहिणी नक्षत्र लागले की हाताशी फार दिवस उरत नाहीत. पहिला मोठा पाऊस पडला की फळात पाणी भरते आणि ते गळून जाते.

आमच्या दोन बरण्यांपैकी एक शहापुरात राहिली, एक निपाणीस आली. बशी कोणत्या कपाटात असते, ते मावशींनी निघताना दाखवून ठेवले आहे.