निजलेली बंदूक

माझा पुतण्या अलास्कात असतो. दर शरदात तो बायकामुले आणि दोघेतिघे मित्र यांना घेऊन, तळ्यावर उतरणाऱ्या लहानशा विमानाने निर्मनुष्य अरण्यात शिकारीस जातो. तेथील कायदा असा की, विमानाने आलेल्या शिकाऱ्याने बहुतेक मोठ्या जनावरांवर त्या दिवशी बार काढावयाचा नाही, दुसऱ्या दिवशी पहाटेचे तीन वाजेपर्यंत थांबावयाचे. कारण आकाशातून कळप हेरून उतरताक्षणी गोळी घालणे, ही शिकार नव्हे. त्याचे हे पत्र वाचताना मला १९६४ सालची आमची नागझिऱ्याची सफर आठवली.

गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा होण्यापूर्वी नागझिरा आमच्या भंडारा जिल्ह्यातच होते. वनखात्याकडे अर्ज करावा, शुल्क भरावे, म्हणजे शिकारीच्या ब्लॉकचा मुदतीचा परवाना मिळे, आणि कोणते जनावर किती मारावयाचे हेही त्यात नमूद असे. साकोलीपर्यंत मोटार आणि तेथून पुढे तांदळाचे पोते, कंदील, अंथरुणे, माझी पत्नी, दोन मुले, पुण्याचे मेव्हणे, कचेरीतले नाझरसाहेब आणि एक आचारी एवढा जामानिमा पोटात घेऊन साग, ऐन, धावड्यांच्या छायेतून दिवसभर खडखडत चाललेल्या दोन बंड्या, हेच आमचे विमान!

दिवस कलता तळ्याकाठी पोचलो. उजेड आहे तोवर एक फेरी मारावी म्हणून मी बंदुकीला हात घातला, तोच वाट दाखवावयास आलेला वृद्ध गोंड शांतपणे म्हणाला, "वकीलसाहेब, आज बंदूक निजू द्या. बंड्यांचा आवाज साऱ्या जंगलानं ऐकला आहे. उद्या पाहू."

ती अख्खी रात्र अशी अनायासे रिकामी सापडली. आचारी हळहळत म्हणाला, "वरणात टाकायला सांबार आणायचा राहूनच गेला." मेव्हणे दचकले, "अहो, आपल्या परवान्यात तर फक्त चितळ आहे!" आम्हा वैदर्भीयांचा सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पत्नीने त्यांना समजावून सांगेपर्यंत हसून हसून मुले लोळत होती. आणि त्या हास्याचा प्रतिध्वनी विरतो न विरतो तोच तळ्यापलीकडे खरोखरीचे सांबर ओरडले. म्हातारा कान देऊन बसला. तीच आरोळी प्रथम बांबूच्या बेटाकडून, मग नाल्याकडून, मग अगदी दुरून उमटली, तसतसा तो बोटाने अंधारात एक वाट रेखीत गेला. न दिसणारा वाघ आम्हांला त्या बोटाच्या टोकाशी चालताना दिसला. कचेरीत ज्यांचा आवाज तीन दालने ओलांडून जाई, ते नाझरसाहेब त्या रात्री कुजबुजत बोलले, आणि धाकट्याला मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत शेकोटीशी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी हाक्यात एक चितळ पडले. त्याविषयी मला फारसे काही आठवत नाही.

पुढे १९७० साली नागझिरा अभयारण्य झाले, १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि मी बंदूक सरकारजमा केली. तळ्याकाठच्या त्या मुक्कामांना मात्र आम्ही, आणि पुढे आमची नातवंडे, जातच राहिलो.

पुतण्याने पत्राच्या शेवटी विचारले होते : आपल्याकडे असा थांबण्याचा नियम असे काय? मी उत्तर लिहिले : होता. आमची बंदूक १९७२ पासून निजलेलीच आहे.