मांडवातला ऊस

तुळशीच्या लग्नाला बऱ्हाणपूरच्या आमच्या घरी पाच ऊस येतात, आजोबांच्या शेतातले. शेत आता आमचं नाही, विकून सहा वर्षं झाली. पण ज्यांनी घेतलं ते काका आठवणीने ऊस पाठवतात. बेणं आजोबांचंच राखलंय म्हणतात.

मांडव उतरला की आम्ही ऊस सोलून खातो. गेल्या वर्षी त्यातला एक मी गच्चीवरच्या लांब कुंडीत अख्खाच आडवा पुरला. बाबांनी पाहिलं.

"असा पुरलास तर शेंड्याकडचे एक-दोन डोळे फुटतील, बाकीचे झोपून राहतील. टिपऱ्या कर."

शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, तोडलं की ते मोकळे होतात. मग पुन्हा उकरला आणि दोन-दोन डोळ्यांच्या सहा टिपऱ्या केल्या. धारदार कोयत्याने, डोळ्यापासून लांब, ऊस चिरू न देता. बुडख्याचे डोळे जुने, उशिरा फुटतात. वरच्या अर्ध्यातले चांगले. बुडखा गोड, तो आम्ही खाल्ला. टिपऱ्या बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून, डोळे बाजूला ठेवून, वर दोन इंच माती घातली.

आणि मी उत्साहाने रोज पाणी ओतलं. तीन टिपऱ्या कुजल्या. थंडीही होती. पारा 20 अंशांखाली गेला की उगवण रेंगाळते. सव्वा महिन्याने एक हिरवी सुई दिसली, मग आणखी दोन.

एक गोष्ट मला तेव्हाच नीट उमगली. शेतकरी उसाचं बी पेरत नाही. तुऱ्यातलं बी नव्या जाती काढायला लागतं, कोइमतूरची संस्था 1912 पासून ते काम करते. टिपरीतून येतो तो उसाचा मुलगा नव्हे, तोच ऊस. आमच्या भाषेत कॉपी-पेस्ट. म्हणजे आजोबांनी लावलेलाच ऊस माझ्या कुंडीत उभा होता.

हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "जुन्या बेण्यात रोग साठतात. तीन वर्षांनी बदलायचं असतं. उगाच जीव लावू नकोस." शेत विकायची सही त्यांनीच केली होती. त्यावर आमच्या घरात कोणी फारसं बोलत नाही.

पण उन्हाळ्यात सकाळी मी लॅपटॉप उघडायच्या आत कुंडी ओली झालेली असायची. फुटव्यांना मातीची भर कोणी दिली, तेही मी विचारलं नाही.

यंदा काकांकडून चारच ऊस आले. मला वाटलं, विसरले. आई म्हणाली, "नाही रे, तुझ्या बाबांनीच फोन करून चार सांगितले."


पाचवा बाबांनी गच्चीवरून स्वतः तोडून आणला. जरा बारीक होता.