सामोरा वारा

‘वारा पाहून पाठ द्यावी’ असे जुनी माणसे सांगत आली आहेत. आमच्या आर्वीच्या माणसाला हा उपदेश निराळा शिकवावा लागत नाही. वैशाखाच्या दुपारी, वर्धा नदी ओलांडून पश्चिमेचा तापलेला वारा गावात शिरला, की रस्त्यावरचा प्रत्येक जण डोक्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढतो, वाऱ्याकडे पाठ करून क्षणभर उभा राहतो आणि धूळ निघून गेली की पुन्हा चालू लागतो. जमिनीवर राहणाऱ्यांचे हे शहाणपण खरे आहे. परंतु ज्यांना आकाशातून जमिनीवर उतरावयाचे असते, त्यांचे शास्त्र याच्या अगदी उलट आहे.

मृगाच्या सुमारास शेतात वखर चालू लागला म्हणजे त्याच्या मागोमाग पांढरे गायबगळे येतात. ते उतरतात कसे, हे मी बांधावर बसून पुष्कळदा पाहिले आहे. बगळा कोणत्याही दिशेने आलेला असो, जमीन जवळ येताच तो वळण घेतो, वाऱ्याला सामोरा होतो, पंख पसरून हवेत थबकल्यासारखा होतो आणि मग अलगद पाय टेकतो. वारा जितका जोराचा, तितके त्याचे उतरणे संथ! त्याला हे कोणी शिकविले असेल?

यातले मर्म समजण्यासाठी नदीवरील नावाड्याकडे पाहावे. काठाला लागताना तो नावेचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला करतो. नाव पाणी कापीत असते, पण काठावरून पाहणाऱ्याला ती जवळजवळ जागच्या जागी दिसते. म्हणून ती घाटावर आदळत नाही. विमानाचेही तसेच आहे. त्याला उचलून धरते ती पंखांवरून वाहणारी हवा. ती हवा पुरेशा वेगाने वाहिली पाहिजे, एवढीच विमानाची मागणी असते. खालची जमीन किती वेगाने मागे पडते, याच्याशी पंखांना कर्तव्य नसते.

राइट बंधूंनी हे फार लवकर ओळखले होते. उड्डाणाच्या प्रयोगांसाठी त्यांनी मुद्दाम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील किटी हॉक हे वाळूचे, सतत वारा वाहणारे ठिकाण निवडले. १७ डिसेंबर १९०३ रोजी सकाळी तेथे ताशी चाळीस किलोमीटरांच्या आसपास वारा होता. त्या वाऱ्याला तोंड देऊन ऑर्व्हिल राइट १२ सेकंद उडाला आणि १२० फूट अंतर गेला. हिशेब केला, तर जमिनीवरील ही गती धावणाऱ्या मुलाहून अधिक भरत नाही. समोरच्या वाऱ्याने उरलेला भार उचलला होता!

हे सारे मी पुस्तकांत वाचले होते. त्याचा प्रत्यय आला तो काही वर्षांपूर्वी, ज्येष्ठ महिन्यात. माझ्या आर्वीच्या बहिणीचा मुलगा वैमानिक झाला होता आणि एका लहानशा विमानातून आपले गाव मला वरून दाखविण्याची त्याला मोठी हौस होती. “वारा असला तर उडू नका रे,” असे बहिणीने आदल्या दिवशी आम्हां दोघांनाही बजावले होते. पहाटे वारा बेताचाच होता. नागपूरहून आर्वी सरळ रेषेत सुमारे ८५ किलोमीटर. वाटेत वारा समोरून येऊ लागल्यामुळे जाताना पस्तीस-चाळीस मिनिटे लागली. काळ्या जमिनीचे वखरलेले तुकडे, संत्र्यांच्या हिरव्या बागा आणि पलीकडे वर्धेचे उन्हाने रोडावलेले पात्र पाहून आम्ही वळलो. परतताना तोच वारा पाठीशी होता. वीस-बावीस मिनिटांत नागपूर आले. असा सोबती मिळाल्याचा मला आनंदच झाला. परंतु भाच्याच्या कपाळाला आठी पडली. वारा आता ताशी ५५ किलोमीटरांवर गेल्याचे त्याला खालून कळविण्यात आले होते.

सोनेगावचे मैदान दिसू लागले. १९४९ पासून पुढे कित्येक वर्षे मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून टपालाची विमाने मध्यरात्री जेथे एकत्र येत, तेच हे मैदान. आम्ही पश्चिमेकडून येत होतो, तेव्हा धड जमिनीवर उतरून टाकावे, असे मला वाटले. पण वारा वायव्येचा होता. त्याला पाठीशी घेऊन उतरलो असतो, तर विमानाचा हवेतील ताशी १२० आणि वाऱ्याचे ५५ मिळून जमिनीवर १७५ किलोमीटरांचा वेग झाला असता. त्याला सामोरे गेल्यास तोच वेग अवघा ६५, म्हणजे वर्ध्याच्या रस्त्यावरील एस. टी.इतका! आणि गतिमान वस्तू थांबविण्याचे श्रम वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे पहिल्या रीतीत ते सातपट झाले असते. भाच्याने मोठा वळसा घेतला आणि विमानाचे तोंड वाऱ्याकडे केले.

धावपट्टी समोर होती. पण ती जवळ येईना. विमान हेलकावे खात होते. वाऱ्याचा एक झोत येई आणि आम्हांला वर उचली. तो ओसरला की पोटात खड्डा पडे. मी आसन घट्ट धरले होते. “मामा, घाबरू नका,” तो समोरची नजर न हलविता म्हणाला, “वारा समोरून आहे तोवर तो आपला आहे. भीती आहे ती तो एकाएकी पडण्याची.” जमिनीलगत झाडे आणि इमारती यांच्या अडथळ्याने वाऱ्याचा जोर कमी होतो, ज्याच्या आधारावर विसंबावे, तो आधार अगदी शेवटी सैल पडतो. म्हणून त्याने वेग नेहमीपेक्षा थोडा अधिक ठेवला होता. तसेच झाले. विमान खाली बसू लागले. त्याने इंजिनाला किंचित जोर दिला आणि चाके बगळ्याच्या पायांसारखी टेकली. ३,२०० मीटर लांबीच्या त्या धावपट्टीचा अगदी लहानसा तुकडा आम्हांला पुरला.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याने मात्र टाकला नाही. जमिनीवर विमान वळविताना वारा बाजूने पंखाखाली शिरतो आणि हलके विमान उलथवू शकतो. राइट बंधूंचे तसेच झाले होते. त्या दिवशीच्या चौथ्या उड्डाणात विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला. त्यानंतर जमिनीवर उभ्या असलेल्या त्यांच्या विमानाला वाऱ्याने लोळविले आणि मोडून टाकले. आकाशात जे त्याला करता आले नव्हते, ते जमिनीवर त्याने क्षणात केले! भाचा मुंगीच्या पावलांनी विमान नेत होता. वारा ज्या बाजूने येई, त्या बाजूचा पंख उचलला जाऊ नये म्हणून सुकाणू तिकडे वळवून धरीत होता. दोन माणसे धावत आली, त्यांनी पंख धरले, दोर आवळून बांधले. तेव्हा कोठे त्याने हात मोकळे केले.

मला त्याच्या धैर्याहून ही सावधगिरी अधिक मोलाची वाटली. समोरून येणारा विरोध माणसाचा वेग आवरतो, त्याला भुईवर अलगद टेकवतो. पण त्यासाठी नजर त्याच्यावरून काढून चालत नाही, आणि काम संपले असे वाटण्याच्या घटकेला तर मुळीच नाही.

संध्याकाळी बहिणीचा आर्वीहून दूरध्वनी आला. “वारा होता का रे?” तिने मुलाला पहिला प्रश्न विचारला.

“होता आई,” तो म्हणाला, “पण समोरून होता.”