एका जुन्या लष्करी ट्रकची खतावणी

अमेरिकेच्या लष्कराने १९८० च्या दशकाच्या आरंभी घेतलेला एक निर्णय व्यापारी घराण्यात वाढलेल्या कोणालाही चटकन पटावा. आघाडीच्या मागे रसद, तंबू, निरोपे आणि जखमी जवान यांची ने-आण करण्यासाठी लष्कराला हजारो लहान ट्रक हवे होते. त्यासाठी नवा आराखडा करवून घेण्याऐवजी शेतकरी, सुतार आणि ठेकेदार जी शेव्हरोले पिकअप रोज विकत घेत होते, तीच थोडे फेरफार करून घ्यावी, असे ठरले. १९८४ ते १९८७ या वर्षांच्या नमुन्यांत मिळून अशा सुमारे ७०,००० गाड्या लष्कराकडे आल्या. 'कमर्शियल युटिलिटी कार्गो व्हेइकल' या लांबलचक नावाचे 'सीयूसीव्ही' असे लघुरूप रूढ झाले. सव्वा टन वजन वाहणारा उघडा ट्रक म्हणजे एम १००८, पाऊण टनाची बंदिस्त गाडी म्हणजे एम १००९ आणि रुग्णवाहिका म्हणजे एम १०१०. तिन्हींच्या पोटात ६.२ लिटरचे, आठ सिलिंडरचे डिझेल इंजिन.

लष्कराने या गाड्या केव्हाच मोडीत काढल्या. हिशेबाच्या भाषेत त्यांचा घसारा पूर्ण होऊन पुस्तकी किंमत शून्य झाली. तथापि पुस्तकी किंमत आणि उपयोग यांचे नाते किती सैल असते, याचा अनुभव जुनी यंत्रे सांभाळणाऱ्या प्रत्येक कारखानदाराला असतो. अमेरिकेत लहान गावांची अग्निशमन दले बहुतांशी स्वयंसेवकांवर चालतात. शेतकरी, दुकानदार, शाळामास्तर असे लोक भोंगा वाजताच हातातले काम टाकून धावतात. या दलांना लष्कराची जुनी वाहने वनखात्यामार्फत मिळण्याची तेथे सोय आहे. एका योजनेत वाहनाची मालकी सरकारचीच राहते आणि वापर गावाचा असतो, तर दुसरीत मालकीही दलाकडे जाते. एम १००८ च्या पाठीवर दोन-अडीचशे गॅलनची पाण्याची टाकी आणि एक पंप बसवला की गवताळ माळावरील वणवा विझवणारी गाडी तयार होते.

आता मार्च-एप्रिलमधील मध्य अमेरिकेचा माळ डोळ्यांसमोर आणावा. मागील वर्षाचे गवत वाळून उभे आहे, नवे उगवलेले नाही, वारा सोसाट्याचा आणि पहाटेचे तापमान गोठणबिंदूच्या आसपास. अशा वेळी वणव्याची वर्दी येते आणि चाळीस वर्षांचे डिझेल इंजिन सुरू होत नाही. गाड्यांच्या हौशी संग्राहकाची गाडी बंद पडली तर त्याचा रविवार फुकट जातो. येथे कोणाचे तरी कोठार आणि गोठा जळतो. म्हणून या ट्रकांच्या सुट्या भागांचा प्रश्न त्या गावांपुरता तरी हौसेचा राहत नाही.

सुदैवाने यातील बहुतेक भाग मुळात बाजाराचेच. दारे, काचा, ब्रेकचे सामान, पाण्याचा पंप, तीन गतींचा स्वयंचलित गेअरबॉक्स, हे सारे त्याच काळातील नागरी शेव्हरोले ट्रकमध्येही होते. त्या ट्रकांवर जीव टाकणारे लोक आजही असंख्य असल्याने त्यांचे पत्रे आणि रबरी पट्ट्या नव्याने बनवून विकल्या जातात. तेच ६.२ लिटरचे इंजिन लष्कराच्या हमवी गाडीतही आरंभी बसवले जात असे. पुढे त्याच घराण्यातील ६.५ लिटरच्या इंजिनाचे उत्पादन एएम जनरलने ओहायो राज्यात चालू ठेवले. थोडक्यात, भाग मिळतात ते गाडी लष्करी आहे म्हणून नव्हे, तर पुरेशी लष्करी नाही म्हणून.

आपल्याकडील शक्तिमान ट्रकशी ताडून पाहिले म्हणजे हा फरक नीट ध्यानात येतो. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यावर शक्तिमानचे उत्पादन १९५९ मध्ये सुरू झाले आणि जबलपूरच्या वाहन कारखान्यातून ते १९९६ पर्यंत चालले. गाडी कणखर होती, पण तिला आपल्या नागरी बाजारात जुळे भावंड नव्हते. टाटा किंवा लेलँडचा भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळे. शक्तिमानचा हवा असेल तर लष्करी लिलावात कोणी काय उचलले, याचा माग काढत कुर्ल्याच्या किंवा दिल्लीच्या मायापुरीच्या भंगार बाजारापर्यंत जावे लागे.

अमेरिकन ट्रकाची खरी डोकेदुखी तेथेच आहे जेथे लष्कराने बाजाराच्या मालात हात घातला, म्हणजे विजेच्या जोडणीत. मित्रराष्ट्रांच्या लष्करी गाड्या २४ व्होल्टवर चालतात. एकाची बॅटरी उतरली तर दुसरीवरून तार जोडून ती सुरू करता यावी, हा त्यामागील हेतू. परंतु शेव्हरोलेचे दिवे आणि पंखे १२ व्होल्टचे. मग दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडण्यात आल्या, त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र अल्टरनेटर दिले गेले, सेल्फ २४ व्होल्टचा झाला आणि दिवे १२ व्होल्टवरच राहिले. एकाच घरात दोन वहीखाती ठेवावीत, तशी ही रचना आहे. समजून घेतली तर सरळ, अन्यथा गोंधळाची.

इंजिन थंडीत सुरू व्हावे म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो, एकूण आठ. हे प्लग १२ व्होल्टचे असून त्यांना वीज मिळते ती २४ व्होल्टच्या बाजूने. मधला फरक एक रेझिस्टर गिळून टाकतो. आठही प्लग शाबूत असतात तोवर हिशेब जुळतो. एक जळाला की एकूण प्रवाह कमी होतो, रेझिस्टर कमी व्होल्ट गिळतो आणि उरलेल्या सात प्लगांवर दाब वाढतो. मग दुसरा जळतो, तिसऱ्यावर आणखी ताण येतो. कर्जाला अनेक जामीनदार असावेत, एकाने हात वर करावेत आणि त्याचा वाटा बाकीच्यांच्या डोक्यावर यावा, असा हा प्रकार आहे. पेढीवर बसलेल्यांना याहून अधिक समजावण्याची गरज नाही.

त्यात भर म्हणजे, प्लग किती वेळ तापवायचे हे ठरवणारे नियंत्रक यंत्र जुने झाले की अडकून बसते आणि वीज चालूच ठेवते. जास्त तापलेल्या जुन्या प्लगचे टोक फुगते. तो बाहेर काढताना टोक आतच तुटले तर ते काढण्यासाठी नोझल उतरवावा लागतो आणि दैव प्रतिकूल असेल तर सिलिंडरचे हेड. किरकोळ किमतीच्या वस्तूपायी आठवड्याचे काम उभे राहते. जाणते मेकॅनिक म्हणूनच वेगळ्या घडणीचे प्लग बसवतात. ते तापले की आपोआप प्रवाह कमी करतात आणि फुगत नाहीत. त्याबरोबर रेझिस्टर वगळून प्लगांना सरळ १२ व्होल्टच्या बॅटरीवरून वीज देतात. ही दुरुस्ती मूळ आराखड्यात नाही, म्हणून शुद्धतावादी नाके मुरडतात. अग्निशमन दलाने त्यांच्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

अल्टरनेटरच्या बाबतीत मात्र मूळ भागच सांभाळावा लागतो. साध्या गाडीत अल्टरनेटरचे कवच हेच त्याचे ऋण टोक असते. या ट्रकमध्ये वरच्या बॅटरीला विद्युतभार देणाऱ्या अल्टरनेटरचे ऋण टोक कवचापासून वेगळे राखलेले असते. दिसायला दोन्ही नमुने सारखे. बाजारातील साधा नग तेथे चढवला तर थेट शॉर्ट सर्किट होते. अमेरिकेत जुना भाग दुकानात परत दिला की नव्याबरोबर घेतलेली अनामत मिळते. या चालीने अनेकांनी आपला दुर्मिळ अल्टरनेटर जमा करून बदल्यात निरुपयोगी नग घरी आणला आहे. वस्तुतः त्याच्या आतील बेअरिंग, ब्रश, डायोड हे सारे साधे, कोठेही मिळणारे. कवच आपल्याकडेच ठेवावे आणि वायंडिंगच्या चांगल्या कारागिराकडून आतले काम करून घ्यावे, यातच शहाणपण आहे.

भाग शोधण्याची रीतही व्यापाऱ्याने अभ्यासावी अशी आहे. लष्करी साठ्यातील प्रत्येक वस्तूला १३ अंकी क्रमांक असतो. त्यातले पहिले चार अंक वर्ग सांगतात. २३२० म्हणजे चाकांचे ट्रक, २९१० म्हणजे इंधनव्यवस्थेचे भाग, २९२० म्हणजे इंजिनाचे विजेचे भाग, २५३० म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग आणि आस यांचे सामान. पुढचे दोन अंक क्रमांक देणाऱ्या देशाचे. या ट्रकांची सरकारी दुरुस्ती-पुस्तके टीएम ९-२३२०-२८९ या क्रमांकाची असून सुट्या भागांच्या खंडात प्रत्येक नट-बोल्टाचे चित्र, क्रमांक आणि बनवणाऱ्याचा संकेतांक दिलेला असतो. त्या संकेतांकावरून मूळ कारखाना कळतो, कारखान्यावरून त्याचा नागरी विक्रीचा क्रमांक कळतो आणि 'लष्करी भाग कोठेच मिळत नाही' असे सांगून दुप्पट भाव मागणाऱ्याचे तोंड बंद होते. चाळीस वर्षांमागे कोणा कारकुनाने नीट भरलेला तक्ता आज इतका उपयोगी पडतो.

सीलबंद जुना माल हा आणखी एक भ्रम. लष्कराने बांधलेले पाकीट, त्यावर क्रमांक आणि बांधणीची तारीख, न उघडलेले, हे पाहून खरेदीदार हरखून जातो. धातूचा भाग असेल, मेण-तेल लावून बांधलेला असेल, तर हरखण्यास हरकत नाही. रबराचे मात्र तसे नाही. सील, नळी, डायफ्रॅम ही कपाटात पडल्या पडल्याही म्हातारी होतात. म्हणूनच रबरी मालावर तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या तिमाहीत घडवला, हे लष्कर नोंदवीत असे. १९८५ ची तारीख असलेले सील पाकिटातून 'नवे' निघते, पण वापरायचे नसते. ही तारीख गिऱ्हाइकाला आपणहून दाखवणारा विक्रेता एकदा मिळाला की गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही.

रबराचे हे वय डिझेलच्या पंपात सर्वांत महाग पडते. स्टॅनाडाइन कंपनीच्या डीबी २ जातीच्या या पंपात गव्हर्नरपाशी एक लवचीक कडे असते. वर्षांनुवर्षे डिझेलमध्ये राहून त्याचे तुकडे पडतात, ते परतीच्या वाटेत अडकतात आणि चांगले चालणारे इंजिन अकारण बंद पडू लागते. पुष्कळ जण टाकी धुतात, फिल्टर बदलतात, नोझलांना दोष देतात. पंपाचे वरचे झाकण काढून तपकिरी-काळे कण पाहणारा मेकॅनिक काही मिनिटांत निदान करतो. त्या कड्याऐवजी बसवायचा टिकाऊ सुधारित भागही मिळतो, पण पंप उघडल्यावर तो बाकावर तपासून त्याचे कॅलिब्रेशन करणारी माणसे आणि यंत्रे आता विरळ होत चालली आहेत. भाग मिळतो आणि हात मिळत नाही, ही स्थिती आपल्याकडील पंप दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांना नवी वाटणार नाही.

ज्या दलांचे असे ट्रक आजही बिनबोभाट निघतात, त्यांच्याकडे साठा मोठा असतोच असे नाही. तेथे बहुधा एक वही असते. कोणता प्लग कधी बदलला, कोणत्या जातीचा, रेझिस्टर वगळला आहे की नाही, कोणत्या बॅटरीवरून कोणती तार नेली, याची त्या वहीत नोंद असते. दर आठवड्याला गाडी सुरू केल्याची तारीख आणि त्या दिवशीची थंडीही लिहिलेली असते. आधीच्या माणसाने जोडणी बदलून नोंद केली नसेल, तर नंतरचा माणूस सरकारी पुस्तकातील आकृती घेऊन तासन्‌तास खोळंबतो, कारण पुस्तक एक सांगते आणि तार दुसरीकडे जाते.

सेल्फच्या पुढच्या टोकाला इंजिनाशी जोडणारी एक लहान लोखंडी पट्टी असते. सेल्फ बदलताना ती काढावी लागते, परत लावणे अडचणीचे असते आणि तिच्याविनाही गाडी सुरू होते. त्यामुळे घाईतला मेकॅनिक तिला बाकावरच सोडून देतो. पुढे काही महिने २४ व्होल्टच्या सेल्फचा प्रत्येक धक्का दोन बोल्टांवर येतो आणि एके दिवशी इंजिनाच्या ब्लॉकचा कान तडकतो. ब्लॉक गेला म्हणजे इंजिन गेले. जुना ट्रक लिलावात घेणाऱ्याने रंग, टायर आणि किलोमीटर पाहण्याआधी गाडीखाली आडवे होऊन ही पट्टी जागेवर आहे का, ते पाहावे. नसेल, तर तिची मागणी पहिल्याच दिवशी नोंदवावी आणि ती येईपर्यंत गाडी उतारावर उभी करून काम भागेल, अशा भ्रमात राहू नये. तिचा गेअरबॉक्स स्वयंचलित आहे, ती ढकलून सुरू होत नाही.