राखणदार

सरपटणाऱ्या जीवांच्या बाबतीत आपली मायमराठी फारशी उदार नाही. मनात शंका आली की ती पालीसारखी चुकचुकते. कोणाची धाव तोकडी पडली की आपल्याला सरडा आणि त्याचे कुंपण आठवते. कोणी रातोरात पक्ष बदलला, तरी रंग आपण सरड्याचाच काढतो. पाल अंगावर पडली, तर त्या बिचारीला कोठे लागले काय, हे कोणी विचारत नाही. ती डाव्या खांद्यावर पडली की उजव्या, एवढीच चौकशी होते, आणि त्याची शुभाशुभ फळे सांगायला पंचांगात पल्लीपतनाचे कोष्टक तयार असते. मानाचे पान मिळाले ते एकट्या घोरपडीला. १६७० साली सिंहगड घेताना तानाजी मालुसऱ्यांनी यशवंती नावाची घोरपड कड्यावर चढवली, अशी आख्यायिका आहे. पण तिथेही घोरपडीचे मोठेपण दोरापुरतेच. दोर वर पोचला, गड आला. पुढे यशवंतीचे काय झाले, ते आख्यायिका सांगत नाही.

जपानी भाषेने मात्र या जमातीला वेगळा न्याय दिला आहे. तिकडे घरातल्या पालीला 'यामोरी' म्हणतात. 'या' म्हणजे घर आणि 'मोरी' म्हणजे राखणारा. भिंतीवर बसून डास-किडे टिपणारी पाल ही घराची राखण करते, असा त्या नावाचा भाव. विहिरी-डबक्यांत राहणारा, दिसायला पालीसारखाच पण जातीने उभयचर असा एक जीव आहे, त्याचे नाव 'इमोरी', म्हणजे विहीर राखणारा. एकाच प्राण्याकडे पाहून एका भाषेला अपशकुन सुचावा आणि दुसरीला राखणदार, ही गोष्ट मला मोठी विचार करण्याजोगी वाटते.

आज मला लिहायचे आहे ते या पंक्तीतल्या तिसऱ्या नावाविषयी. ते नाव 'किमोरी'. 'कि' म्हणजे झाड. तेव्हा किमोरी म्हणजे झाडाचा राखणदार. त्यातच यामोरीचा, म्हणजे पालीचाही, ध्वनी मिसळला आहे. शिवाय जपानीत 'मोरी' या उच्चाराचा आणखी एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ अरण्य. झाड, पाल, राखण आणि अरण्य, एवढे सगळे तीन अक्षरांत बसवणाऱ्याचे मला कौतुक वाटते. हा प्राणी मात्र कोणत्याही अरण्यात सापडायचा नाही. तो २००२ साली जपानमध्ये 'पोकेमॉन रुबी' आणि 'पोकेमॉन सफायर' या दोन व्हिडिओ गेममध्ये जन्माला आला. इंग्रजीत त्याला 'ट्रीको' म्हणतात, आणि आमच्या पिढीतल्या पुष्कळांना तो भेटला तो हिंदीत बोलणाऱ्या चित्रमालिकेतून.

प्राध्यापकवर्गापैकी कोणी येथे भुवया उंचावतील, हे मी जाणून आहे. कला शाखेच्या वार्षिकात खेळातल्या पालीला चार पाने कशाला? पण पंचतंत्रातल्या सिंहाला आणि इसापाच्या कोल्ह्याला आपण अभ्यासक्रमात घेतलेच आहे. प्राणी खोटा असला तरी त्याच्यापाशी माणसाने ठेवलेली गोष्ट खोटी नसते. तेव्हा थोडा धीर धरावा, ही विनंती.

हा ट्रीको अर्ध्या मीटर उंचीचा, पाच किलो वजनाचा, हिरवागार, दोन पायांवर उभा राहणारा आहे. शेपूट जाडजूड, गडद हिरवी. या खेळात प्रत्येक प्राण्याची एक नोंदवही असते. तिच्यात ट्रीकोविषयी लिहिले आहे की तो अरण्यातल्या प्रचंड वृक्षावर घरटे करतो, आपल्या हद्दीत कोणाला फिरकू देत नाही आणि त्याला वनातल्या झाडांचा रक्षक मानतात. तो शेपटीने हवेतला ओलावा ओळखतो आणि उद्याचे हवामान सांगतो. थोराड शत्रूने डोळे वटारले, तर तो तितक्याच शांतपणे डोळे वटारून उभा राहतो, तसूभरही मागे हटत नाही. तो वाढला की आधी 'ग्रोवाइल' होतो आणि त्यानंतर 'सेप्टाइल'. सेप्टाइलच्या पाठीवर बियांसारखे गोळे असतात. त्यांत झाडांना संजीवनी देणारे सत्त्व असते आणि हा प्राणी अरण्यातली झाडे मायेने वाढवतो, असे वही सांगते. सेप्टाइलचे जपानी नाव 'जुकाइन'. 'जुकाइ' म्हणजे वृक्षांचा सागर. एका झाडापासून सुरुवात करून वृक्षांच्या सागरापर्यंत जाणारी ही वाढ आहे. पोराटोरांच्या खेळात याहून मोठी कल्पना कोणी मागू नये.

कल्पनेला वास्तवाचा आधारही आहे. नोंदवही म्हणते की ट्रीकोच्या तळपायांना बारीक आकडे असतात आणि त्यांच्या बळावर तो उभ्या भिंती चढतो. खरी पाल आकड्यांवर चढत नाही. तिच्या बोटांखाली केसांहून कितीतरी बारीक असे लक्षावधी तंतू असतात; त्यांची टोके पुन्हा शेकडो शाखांत फुटलेली असतात. ही टोके पृष्ठभागाच्या इतकी जवळ जातात की रेणू-रेणूंमधले क्षीण आकर्षणही तिला तोलून धरायला पुरते. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २००२ या काळात हे प्रयोगाने दाखवून दिले. म्हणजे डिंक नाही, आकडा नाही, केवळ जवळीक. खेळाच्या कर्त्यांनी योजलेल्या आकड्यांपेक्षा निसर्गाची ही युक्ती मला अधिक काव्यमय वाटते.

ट्रीकोचा मुलूखही हवेतला नाही. खेळातल्या त्या प्रदेशाचे नाव 'होएन', आणि तो बेतला आहे जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटावर. खेळाचे दिग्दर्शक जुनिची मासुदा लहानपणी उन्हाळ्यात क्यूशूला आजी-आजोबांकडे जात. त्या सुट्ट्यांच्या आठवणी त्यांनी या मुलखात उतरवल्या आहेत. ज्वालामुखीची राख अंगावर झेलणारे रस्ते आहेत, तशी राख क्यूशूतल्या साकुराजिमाच्या परिसरात खरोखर पडते. धो धो पावसातली रानवाट आहे, झाडांवर घरे बांधून राहणारे एक गाव आहे. आणि दक्षिण क्यूशू व त्याच्या पलीकडच्या याकुशिमा बेटावर 'याकु-यामोरी' नावाची खरीखुरी पालही राहते. याकुशिमावरचे देवदारासारखे पुराणवृक्ष जगप्रसिद्ध आहेत. १९९३ साली ते बेट जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले.

येथवर सगळे गोड आहे. पण हा खेळ पुढ्यात घेतला की एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती मला स्वस्थ बसू देत नाही. रुबी आणि सफायर या खेळांत तुम्ही सारी राने पायाखाली घातलीत, गवताची पात न् पात तुडवलीत, तरी रानात ट्रीको एकदाही भेटत नाही. वनांचा रक्षक वनात नाहीच! तो भेटतो एका प्राध्यापकांच्या पिशवीत. प्राध्यापकमहाशयांच्या मागे एक रानटी प्राणी लागलेला असतो. ते ओरडून सांगतात, माझ्या पिशवीतला एक चेंडू उचल. त्या पिशवीत तीन चेंडू असतात. एकात झाडांचा ट्रीको, दुसऱ्यात अग्नीचा टॉर्चिक, तिसऱ्यात पाण्याचा मडकिप. त्यांतला एक आपला. आपण ट्रीको उचलला, तर आपला प्रतिस्पर्धी नेमका टॉर्चिक घेऊन समोर येतो. खेळाच्या नियमाने आग झाडावर भारी. म्हणजे ज्याने अरण्याची बाजू घेतली, त्याच्या समोर पहिल्याच दिवशी वणवा उभा!

हा विरोधाभास कर्त्यांनी जाणूनबुजून ठेवला असेल असे मी म्हणत नाही. खेळाच्या सोयीसाठी झालेली ती रचना आहे. पण सोयीतूनही सत्य बोलून जाते. राखणदाराला त्याच्या झाडावरून उतरवून चेंडूत घालायचे, खिशात घेऊन गावोगाव हिंडायचे, त्याच्या झुंजी लावायच्या, आणि त्याच वेळी तो अरण्याचा रक्षक आहे असे वहीत वाचून भारावून जायचे, ही केवळ खेळाची कथा नाही. आपण वाघाचे चित्र नोटेवर नि पाटीवर लावतो, मोराचे पीस वहीत ठेवतो, आणि त्यांचे रान मात्र नकाशावरून पुसू देतो. प्रेम खरे असते; पण ते प्राण्याला त्याच्या जागेवरून उचलून आपल्याजवळ आणणारे प्रेम असते.

चित्रमालिकेतला एक भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २००३ सालचा आहे तो. अरण्यातला एक महावृक्ष मरणपंथाला लागलेला असतो. त्याच्यावर राहणारे ट्रीकोंचे कुळ दुसऱ्या झाडाकडे निघून जाते. एकटा एक ट्रीको जायचे नाकारतो. तोंडात काडी धरलेला तो हट्टी जीव वाळल्या झाडाला जगवण्यासाठी धडपडत राहतो. सोबतीला नायक मुलगाही येतो. पण झाड वाचत नाही; ते कोसळते. त्यानंतर तो ट्रीको मुलाबरोबर जातो. मुलांच्या मालिकेत झाड वाचवून टाकणे किती सोपे होते! कर्त्यांनी तसे केले नाही. राखणदाराची निष्ठा पुरेपूर असूनही झाड मरू शकते, हे त्यांनी मुलांना सांगितले. आणि तो घर सोडून निघाला तो घर उरले नाही म्हणून, हेही सांगितले. खेळात जो प्रश्न मला टोचत होता, त्याचे उत्तर या कथेत आहे असे मला वाटते. वनाचा रक्षक वनात का नाही? कारण ते झाडच उरले नाही.

या सगळ्या उद्योगाचे मूळ पाहिले, तर हे उत्तर ओढूनताणून आणलेले वाटणार नाही. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी हे तोक्योच्या माचिदा उपनगरात वाढले. लहानपणी त्यांना किडे पकडण्याचा मोठा नाद. पुढे त्या शेतांवर, डबक्यांवर रस्ते आणि इमारती आल्या आणि किडे गेले. १९९६ साली त्यांनी पहिला खेळ केला तो शहरातल्या मुलांना हा शोधण्या-पकडण्याचा आनंद मिळावा म्हणून. म्हणजे हा खेळ मुळात बुजवलेल्या तळ्याचे स्मारक आहे. स्मारक सुंदर आहे, यात शंका नाही. पण स्मारक उभे राहते ते गेलेल्याचे.

राखणदार हा शब्द मी मुद्दामच वापरतो आहे, कारण तो आपल्याकडेही आहे. कोकणात आणि गोव्यात गावाचा, रानाचा, पाणवठ्याचा राखणदार असतो. देवराईतले वाळलेले लाकूडही घरी न्यायचे नाही, कारण राखणदार पाहतो आहे. या श्रद्धेने काय साधले, हे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया अभ्यासून दाखवले. भोवतालचे डोंगर बोडके झाले तरी देवाच्या नावाने राखलेल्या तुकड्यांत जुने अरण्य तग धरून होते. जपानातही देवळांभोवती अशी राखलेली राने होती. १९०६ साली तेथल्या सरकारने लहान देवळे मोठ्या देवळांत विलीन करण्याचे धोरण काढले. देऊळ गेले की रानावर कुऱ्हाड पडू लागली. मिनाकाता कुमागुसु या निसर्गपंडिताने त्याविरुद्ध रान उठवले आणि १९१० साली त्यापायी काही दिवस तुरुंगही भोगला. देव हलवला की झाड निराधार होते, हे त्याने ओळखले होते.

म्हणून मला वाटते, नावांना हलके समजू नये. ज्याला आपण राखणदार म्हणतो, त्याच्या झाडावर घाव घालताना हात क्षणभर तरी थांबतो. ज्याला आपण नुसता अपशकुन म्हणतो, त्याच्यावर झाडू उगारताना तेवढाही थांबत नाही. आपल्या वसतिगृहाच्या दिव्याखाली रोज संध्याकाळी हजेरी लावणाऱ्या पालीला उद्यापासून कोणी नमस्कार करावा, असे माझे म्हणणे नाही. ती घर राखते, एवढे मनात आले तरी पुष्कळ झाले. एका खेळाने लक्षावधी मुलांना झाडावरच्या एका हिरव्या पालीवर माया करायला शिकवले, हे थोडे नव्हे. ती माया चेंडूतून बाहेर पडून झाडापर्यंत पोचायची राहिली आहे, ती वाट आपली आपणच चालायची आहे.

जपानीत 'किमोरी' हा शब्द या प्राण्याच्या आधीपासून आहे. फळे उतरवताना झाडाच्या शेंड्यावर एखादे फळ मुद्दाम ठेवण्याची तिकडे रीत आहे. पुढच्या वर्षी झाडाने पुन्हा फळावे म्हणून ठेवायचे. पाखरांच्याही ते कामी येते. त्या शेवटच्या फळाला किमोरी म्हणतात. सगळे काही तोडून नेण्याची ताकद असताना एक फळ झाडावर ठेवून खाली उतरणारा माणूस, मला वाटते, तोच खरा राखणदार.