तीनपैकी दोनच

आमच्या धंद्यात एक जुनं वाक्य आहे. काम लवकर, स्वस्त आणि चांगलं, यातलं कुठलंही दोन निवडा. मॅनेजर मंडळींना ते कधीच पटत नाही आणि प्रत्येक रिलीजच्या आदल्या रात्री ते खरं ठरतं.

गेले काही महिने घरात चांगले स्पीकर घ्यायचं चाललं होतं. त्या नादात कळलं की हेच वाक्य स्पीकरच्या दुनियेतही आहे, आणि तिथे ते नुसतं सुभाषित नाही, गणित आहे. त्याला हॉफमनचा लोखंडी नियम म्हणतात. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे हे हॉफमन. नियम सोपा आहे: खोल बास, कमी वॅटमध्ये मोठा आवाज आणि छोटी पेटी. तीनपैकी दोनच मिळतील. बास एक सप्तक खाली न्यायचा आणि बाकी काही सोडायचं नाही, तर पेटी आठपट मोठी करावी लागते. दुप्पट नव्हे, आठपट! भौतिकशास्त्राशी निगोशिएशन होत नाही.

गंमत अशी की जगातले नावाजलेले स्पीकर बघितले, की कोणी कुठली दोन घेतली आणि तिसऱ्यावर पाणी सोडलं हे लगेच दिसतं.

पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये अमेरिकेत क्लिप्शहॉर्न बाजारात आणला. त्यांनी आकारावर पाणी सोडलं. हा स्पीकर म्हणजे छातीपर्यंत येणारं कपाट, आणि तेही खोलीच्या कोपऱ्यातच ठेवायचं. आत बाससाठी घड्या घातलेला कर्णा असतो आणि त्या कर्ण्याचं शेवटचं तोंड म्हणजे तुमच्या घराच्या दोन भिंती! घरालाच स्पीकरचा भाग करून टाकायचं, ही आयडिया मला आजही भन्नाट वाटते. अमेरिकेत प्रोजेक्टवर असताना एका सहकाऱ्याच्या तळघरात तो ऐकलाय. ट्रम्पेट अक्षरशः समोर येऊन उभा राहतो. एका वॅटमध्ये एक मीटरवर शंभर डेसिबलच्या वर आवाज. पण पुण्यातल्या टू बीएचकेमध्ये दोन कोपरे मोकळे सापडले, तर तिथे आधी फ्रिज आणि देवघर जाईल.

दुसरं टोक एडगर व्हिलचर यांचं. १९५४ चा त्यांचा एआर-१. पेटी हवाबंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरलं. त्यामुळे तुलनेने छोट्या पेटीतून खोल बास निघाला. किंमत? वॅट. ॲम्प्लिफायर दणकट हवा.

तिसरा माझा लाडका, बीबीसीचा एलएस३/५ए. सत्तरच्या दशकात बीबीसीला बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये बसवायला स्पीकर हवा होता. गाडीत जागा नाही, आणि निवेदकाचा आवाज खरा येतोय की नाही हे तर कळलंच पाहिजे. बीबीसीच्या इंजिनिअरांनी जेमतेम फूटभर उंचीची, प्लायवुडच्या पातळ भिंतींची बंद पेटी बनवली. ट्वीटरभोवती नमद्याच्या पट्ट्या लावल्या, म्हणजे पेटीच्या कडांवरून आवाज परावर्तित होऊन मूळ आवाजात मिसळू नये. यात खोल बास नाही आणि वॅटही भरपूर लागतात. एका वॅटला ८२-८३ डेसिबल. क्लिप्शहॉर्नपेक्षा साधारण वीस डेसिबल कमी, म्हणजे तेवढ्याच आवाजाला शंभरपट पॉवर. हॉफमनच्या तीनपैकी एकच गोष्ट घेतली, पेटीचा आकार. बदल्यात मिळाला माणसाचा आवाज. लांबून ओळखीचा माणूस बोलला की आपण न बघता नाव सांगतो ना, तसा.

आणि इंग्लंडमधल्या पीटर वॉकर यांनी तर पेटीच फेकून दिली. १९५७ चा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक. दिसायला थंडीत लावायच्या हीटरसारखा. दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मध्ये प्लास्टिकची अतिशय पातळ फिल्म, तिच्यावर हजारो व्होल्टचा भार, आणि संगीताच्या सिग्नलप्रमाणे ती पुढेमागे खेचली जाते. कागदी कोन नाही, पेटीचा घुमारा नाही. एका परिचितांकडे मी हा ऐकला तेव्हा तानपुऱ्याची जवारी अशी उलगडली की तार कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते कळेना. पण डोकं अर्धा फूट बाजूला नेलं की जादू कमी होते, आणि आवाज फार वाढवायची सोय नाही. म्हणजे एकट्याने, गपचूप, एका खुर्चीत बसून ऐकायचा स्पीकर.

बी अँड डब्ल्यूचा १९९३ चा नॉटिलस तुम्ही फोटोत बघितला असेल, तो शंखासारखा. लोकांना वाटतं शोभेसाठी आहे. ती शोभा नाही. कोनच्या मागच्या बाजूला निघणारा आवाज निमुळत्या नळीत जिरवून टाकायचा, ही त्यामागची कल्पना. बाससाठी ती नळी इतकी लांब होते की गुंडाळावीच लागते, म्हणून शंख. आकार गरजेतून आला की असा सुंदर होतो. आमच्या कोडलाही हे लागू आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

असो. तर आता आमच्या घराकडे.

बाबा बहात्तर वर्षांचे. आयुष्यभर भजनी मंडळात गायलेले. दोन वर्षांपासून म्हणायला लागले, "गाणं ऐकू येतं रे, शब्द येत नाहीत." वयानुसार कान आधी वरच्या कंपनसंख्या सोडून देतात, आणि स, श, त, क ही व्यंजनं तर तिथेच राहतात. स्वर उरतात, व्यंजनं जातात. भीमसेनांचा अभंग लावला की ते पूर्वी ओळीच्या पुढे जाऊन गुणगुणायचे. आता मान हलवतात फक्त. कानाच्या मशिनचं नाव काढलं की विषय बदलतात. त्यामुळे माझ्या दृष्टीने ही खरेदी हौसेची राहिली नव्हती.

शोरूमवाल्याने एका वीकेंडसाठी उभे मोठे स्पीकर घरी दिले. साडेचार लाख, पियानोसारखी चकाकी, बास ३० हर्ट्झपर्यंत. मित्राने त्याचे जुने एलएस३/५ए आणले. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी एक प्रयोग केला होता: तेच स्पीकर, तेच ऐकणारे, एकदा डोळ्यांसमोर आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, महागड्या स्पीकरांना जास्त मार्क पडले, पडद्याआड ती बढत कमी झाली. त्याचं अनुकरण म्हणून आम्हीही बाबांचं पातळ सुती धोतर दोरीवर टाकून पडदा केला. आवाजाची पातळी मोबाईलवर मोजून दोन्हींची सारखी केली, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच 'चांगला' वाटतो. मित्र मागे नाणं उडवून बदलत होता, मी बाबांबरोबर पुढे बसलो होतो. मलाही माहीत नव्हतं कुठला चालू आहे.

आठ फेऱ्या झाल्या. बाबांनी सात वेळा छोटा निवडला. नुसत्या नशिबाने छोट्याच्या बाजूने आठपैकी सात किंवा जास्त पडायची शक्यता साडेतीन टक्के. (हो, मी हिशोब केला. सवय.) कारण विचारलं तर म्हणाले, "त्या दुसऱ्यात तबलजी गवयाच्या मांडीवर बसलाय."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. आमची खोली बारा बाय दहा. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासची लहर अडकते, दहा फुटांमध्ये ५६ ची, आणि मग त्यांच्या पटी. मोठा स्पीकर तिथे इमानेइतबारे बास ओततो, खोली तो धरून ठेवते आणि डग्ग्याचा घुमारा शब्दांवर सांडतो. छोटा त्या वाटेला जातच नाही. त्याची उणीव आमच्या खोलीच्या उणिवेला बरोबर बसली. दिवाणखाना वीस फुटांचा असता, तर निकाल कदाचित उलटा लागला असता.

बायको म्हणाली, "साडेचार लाखांचा निकाल धोतराने लावला!"

शेवटी त्याच जातीचे, बंद पेटीचे छोटे स्पीकर घेतले. उरलेल्या पैशांतून जाड पडदे, सतरंजी आणि भिंतीभर पुस्तकांचं कपाट. खोलीतला प्रतिध्वनी कमी झाल्यावर शब्द आणखी सुटे झाले. आणि पुढच्या आठवड्यात बाबाच म्हणाले, ते मशिनवाले डॉक्टर कुठे बसतात रे? स्पीकर काय करू शकतो आणि काय नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं. मशिन आता आहे. आठवड्यातून चारदा विसरतात, पण आहे.

तुम्ही घ्यायला निघाला असाल तर चार गोष्टी. शोरूममध्ये त्यांची सीडी ऐकू नका, ज्याचा प्रत्येक श्वास पाठ आहे असं गाणं स्वतः घेऊन जा. तुलना करताना पातळी सारखी करा. शक्य असेल तर आपल्याच खोलीत, पडद्याआड ऐका. आणि हॉफमनच्या तीनपैकी आपल्याला काय सोडायचंय, हे दुकानात शिरायच्या आधी ठरवा. नाहीतर ते सेल्समन ठरवतो.