ओखल्याची नाव आणि तिचे ब्रेक

दिल्लीस जाणारा प्रवासी लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो. यमुनेच्या भेटीस मात्र सहसा कोणी जात नाही. वाचकहो, आपण कधी तिकडे गेलात तर ओखल्यापर्यंत अवश्य जा. १८७४ साली सुरू झालेला आग्रा कालवा येथूनच निघतो. बंधाऱ्याने अडविलेले रुंद पाणी, हिवाळ्यात उतरणारी परदेशी पाखरे आणि सांडपाण्यामुळे नदीवर दाटणारा पांढरा फेस, असे हे संमिश्र दर्शन आहे.

पाण्यावर डौलाने चालणारी नाव जमिनीवर अगदी परावलंबी असते. मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरवर तिला चढवावे लागते. हलक्या शिडाच्या नावेची चिंता नको. युरोपातसुद्धा ७५० किलोंपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही. परंतु इंजिनाची जड बोट दिल्लीहून नैनितालला न्यायची असेल, तर गोष्ट निराळी. काठगोदामापासून वर सुमारे ३५ किलोमीटरचा वळणांचा घाट आहे आणि परतताना जवळजवळ १,४०० मीटर उतरावे लागते. त्या उतारावर मागचे ओझे मोटारीला ढकलू लागते.

एका प्रकारच्या ब्रेकमध्ये याच ढकलण्याचा उपयोग करून घेतात. मोटार मंदावली की ट्रेलर पुढे रेटला जातो आणि जोडणीतील दट्ट्या दाबला जाऊन चाकांना ब्रेक लागतो. युक्ती मोठी सुबक! मात्र लांब उतारावर हा रेटा सतत राहतो व ब्रेक तापतात. म्हणून मोटार खालच्या गिअरमध्येच ठेवावी. गाडी मागे घेतानाही तो रेटा लागतो, तेव्हा तो सोडविण्याची सोय आहे ना, हे खरेदीपूर्वी पाहावे.

ड्रम घ्यावा की डिस्क? माझे मत डिस्कच्या बाजूचे आहे. ड्रमच्या पोटात पाणी आणि गाळ साचून राहतो. डिस्क उघडी असल्याने लवकर सुकते, धुतलीही जाते. मालवणच्या खाऱ्या पाण्यात हा फरक अधिकच जाणवेल. ओखल्याचे पाणी गोडे असले, तरी त्याला स्वच्छ कोण म्हणेल? बाहेर काढताच चाके नळाच्या पाण्याने धुवावीत. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते व मग कमी उष्णतेला उकळते; साधारण दोन वर्षांनी ते बदलावे.

तळ्याकाठी पोहोचताच ट्रेलर पाण्यात लोटण्याची घाई मुलांना असते. त्यांना थोपवा. तापलेली चाकाची तुंबी एकदम थंड पाण्यात बुडाली, की आतली हवा आक्रसते आणि पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते. तोवर चहा घ्यावा.

१३ जुलै २०२३ रोजी जुन्या लोखंडी पुलाशी यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरांचा उच्चांक मोडला. राजधानीच्या रस्त्यांवर बचावाच्या नावा फिरल्या. अशा दिवसासाठी ठेवलेली नाव वर्षभर उभी असते. तिच्या ट्रेलरचा हातब्रेक ओढून ठेवला, तर ओली पट्टी ड्रमला गंजून चिकटते आणि ऐन वेळी चाक हलत नाही. म्हणून हातब्रेक सोडून, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावून ठेवावेत आणि महिन्यातून एकदा ट्रेलर चार हात पुढेमागे करावा.